पाणघोड्यांची पिशवी

सुयांना निरोप द्यायच्या दिवशी देवळात पुरुषांनी येऊ नये असा काही नियम नाही. ते येत नाहीत, एवढंच.

म्हणून माझ्यापुढे रांगेत उभा असलेला तो उंच माणूस सगळ्यांच्याच डोळ्यांत भरत होता. फेब्रुवारीचा दिवस, आमच्या एन्शू प्रांताचा कोरडा वारा देवळाच्या घंटेलासुद्धा शिवून जात होता. पुढे लाकडी चौरंगावर तोफूची मोठी पांढरीशुभ्र वडी, आणि तिच्यात बायका एकेक करून वर्षभरात मोडलेल्या सुया खोचत होत्या. जाड कापडातून, दुहेरी शिवणीतून मुकाट जात राहिलेल्या सुया... त्यांना शेवटी तरी मऊ जागा मिळावी.

त्याची पाळी आली आणि तो थांबला. मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"मला... कसं करतात ते माहीत नाही."

"खोचायची. हात जोडायचे. झालं."

"काही म्हणायचं असतं?"

"कष्ट झाले, आता विसावा घ्या, असं मनात म्हणायचं."

त्याने मुठीतली कागदाची पुडी उघडली आणि मी वाकून बघितलं. असं वाकून बघू नये, पण सुया माझा धंदा आहे. पुडीत ह्या एवढ्या सुया होत्या. काही मोडलेल्या, काही गळासारख्या वाकलेल्या.

"वर्षभर काय शिवत होतात?"

"वर्षभर नाही," तो अपराध्यासारखा म्हणाला. "गेल्या आठवड्यातल्या आहेत."

मागच्या बाईला हसू आवरेना.

"विटा शिवत होतात का मग?" मी विचारलं.

"पिशवी," तो म्हणाला. "लहान मुलीची बूटपिशवी."

आणि तो एकेक सुई खोचू लागला. इतक्या मनापासून, की मागची रांग खोळंबली तरी कोणी बोललं नाही. तेव्हा मला त्याची नखं दिसली. मुळापर्यंत निळी. धुऊन जाणारा निळा नव्हता तो. मुरलेला होता.

देवळाच्या आवारातच माझं दुकान मांडलेलं होतं. दुकान म्हणजे एक टेबल, आणि उडून जाऊ नये म्हणून चारी पायांना बांधलेले दगड. टेबलावर माझं वर्षभराचं जग: डब्याला बांधायचे रुमाल, जेवायच्या काड्यांच्या निमुळत्या पिशव्या, पेला ठेवायच्या नाडीच्या थैल्या, चिमटीने टक्कन मिटणाऱ्या फुगीर पाकिटांच्या रांगा. मी चिमणी शिवते, मुळा शिवते, झोपलेली मांजर शिवते, पण शोभेचं काही शिवत नाही. गोडही दिसलं पाहिजे, आणि धुऊन वाळवून दुसऱ्या दिवशी पुन्हा हातातही आलं पाहिजे. कापडाची माया वापरण्यात आहे, असं मी मानते.

शेजारी तामाओकाकू संत्री विकते. संत्र्यांपेक्षा बातम्या जास्त. तिने लांबूनच सांगितलं, "ओरिए, तुझं गिऱ्हाईक येतंय. निळ्या नखांचं."

त्याने कोल्ह्यांची एक बूटपिशवी उचलली. आत हात घातला, अस्तर चाचपलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं.

"आतली शिवण दिसतच नाही," तो म्हणाला. "कुठे गेली?"

"अस्तराच्या पोटात."

"सुंदर आहे."

"घ्या मग."

"नाही." पिशवी त्याने होती तशी, अगदी त्याच घडीवर ठेवली. "विकतची चालणार नाही. मला शिकवाल?"

तामाओकाकूने हातातलं संत्रं खाली ठेवलं.

मग त्याने सांगितलं. नाव क्योहेई. तो रंगारी, नदीकाठच्या रंगशाळेत सुती पंचे रंगवणारा. त्याची बहीण नात्सुए गरोदर होती आणि डॉक्टरांनी तिला बाळ होईपर्यंत इस्पितळात अंथरुणावर निजवून ठेवलं होतं. नवरा दूर उत्तरेला नोकरीवर. तिची थोरली, नोनोका, एप्रिलमध्ये बालवाडीत जाणार. आणि आमच्याकडच्या बालवाड्यांत आत घालायचे बूट वेगळे न्यावे लागतात. पिशवी घरच्या हाताची हवी. नात्सुएने लेकीला कबूल केलं होतं, पाणघोड्याची पिशवी शिवून देईन म्हणून.

"आता आई शिवू शकत नाही तर मामा शिवेल, असं मी बोलून बसलो. ती म्हणाली, तू शिवलीस तरच जाईन. नाहीतर नाही."

"घरात दुसरं कोणी?"

"वडील आहेत. ते तळ्यात वाम मासे धरतात. सुई त्यांच्याही हातात राहत नाही."

"मी शिवून देते आणि तुम्ही शिवली म्हणून सांगा," मी म्हटलं. खरं तर त्याला पारखायला म्हटलं.

त्याने मान हलवली. जोरात नाही, पण ती मान पुन्हा दुसऱ्या बाजूला हलणार नाही हे दिसत होतं.

"तिला कळणार नाही," तो म्हणाला. "पण मला कळेल ना."

वारा आला आणि माझे रुमाल फडफडले. ते धरायला आम्ही दोघं एकदम वाकलो.

"मंगळवारी दुपारी या," मी म्हणाले. "हात धुऊन."

तो गेल्यावर तामाओकाकू बराच वेळ संत्री पुसत राहिली. मग म्हणाली, "पुरुषांना शिकवत नाही म्हणत होतीस."

"शिवण आहे काकू. कुस्ती नाही."

"मी कुठे काय म्हटलं?"

---

चहाच्या दुकानामागे माझी खोली आहे. एक खिडकी, एक मशीन, एक लांब टेबल. मंगळवारी तो आला तो हात इतके धुऊन, की बोटं लाल झाली होती आणि नखं तेवढीच निळी.

"मशीन नाही," मी सांगितलं. "आधी हाताने. धावदोरा."

"दिसायला सोपं आहे."

"पाणघोडासुद्धा दिसायला गरीब असतो."

तो हसला, आणि सुई मोडली.

त्याची खोड मला लगेच कळली. तो सुई ढकलायचा. दिवसभर जड चौकटी उचलणारे, किटलीने उकळता रंग ओतणारे हात; बारीक गोष्टीलाही तेवढाच जोर लावायचे. मी त्याच्या मधल्या बोटात अंगुस्तान चढवलं.

"सुई ढकलायची नसते. तिला वाट दाखवायची. कापड तिच्याकडे न्यायचं."

"म्हणजे सुई जागेवर आणि कापड चालतं?"

"थोडं हिचं, थोडं त्याचं."

खिडकीबाहेर तामाओकाकू रिकाम्या पेट्या रचत होती, आणि संत्री तोडताना बायका म्हणतात ते गाणं मुद्दाम मोठ्याने गुणगुणत होती –

*सुई गं पुढं जाते, दोरा गं मागं मागं*
*दोघांच्या चालीनं गं, फाटलं जुळू लागं...*

"चांगलं गाणं आहे," क्योहेई मान खाली घालून म्हणाला.

"ती बेसूर म्हणते."

"तरी."

असे मंगळवार येत गेले. तो टाके घालायचा, मी उसवायला लावायचे, तो उसवायचा. एकदाही कंटाळला नाही. रुसला मात्र एकदा, मी त्याच्या नागमोडी शिवणीला वामीची चाल म्हटलं तेव्हा.

"वाम सरळ पोहते," तो म्हणाला. "माझ्या वडिलांना विचारा."

"मग ह्या वामीने सकाळी काय प्यायलं होतं?"

त्याने मान शिवणीवर वाकवली. थोड्या वेळाने खांदे हलायला लागले. हसत होता.

एकदा पांढऱ्या अस्तरावर त्याचा अंगठा उमटला. सकाळच्या रंगाचा ओला अंश नखाखाली राहिला असावा. निळा, स्पष्ट, रेघान्‌रेघ दिसणारा अंगठा. तो पुसायला धावला.

"राहू दे," मी म्हणाले. "आतल्या बाजूला आहे. कोणाला दिसणार नाही."

"तुम्हाला दिसेल."

मी कापड घडी करून ठेवलं. दोन वेळा घडी केली, एवढंच.

पाणघोड्यांचं कापड त्याने स्वतः रंगवलं होतं. साचा त्याने कोरलेला, निळा त्याने घोटलेला. एकच ठाण, नमुना म्हणून. रंगशाळेच्या उस्तादांना ते इतकं आवडलं, की सगळे पंचे कापून त्यांनी गावातल्या दुकानात पाठवले. क्योहेईकडे एकच पंचा उरला. बुटके, गोल, डोळे मिटून हसणारे पाणघोडे, एकाखाली एक ओळीने उभे.

"ह्याला मी सांगेपर्यंत कात्री लावायची नाही," मी बजावलं होतं.

पण उत्साहाला कोण बजावणार?

---

मार्च सरत आला तेव्हा तो एका मंगळवारी नोनोकाला घेऊन आला. कपाळावर कातरलेले केस, हातात संत्रं. तामाओकाकूने वाटेतच अडवलेलं दिसत होतं. क्योहेईचा चेहरा उजळलेला.

"तुम्हाला चकित करायचं होतं," तो म्हणाला. "घरीच बेतलं. दोन्ही बाजू शिवल्यासुद्धा."

त्याने पिशवी टेबलावर ठेवली. शिवण सरळ होती. खरंच सरळ होती. माझा ऊर भरून आला. मग मी पिशवी उलटी फिरवली.

नोनोकाने माझ्याआधी विचारलं. "मामा, हा डोक्यावर का उभा आहे?"

मागच्या बाजूचे सगळे पाणघोडे पाय वर करून, डोळे मिटून हसत होते.

क्योहेई बघतच राहिला. "असं कसं झालं? आमच्याकडे कापडाला घडी घातली की चित्रावर चित्र नीट बसतं. पायावर पाय, डोक्यावर डोकं. रोज बघतो मी."

"तुम्ही कापड घड्या घालून रंगवता. तुमच्याकडे घडी आधी आणि चित्र नंतर," मी म्हणाले. "इथे चित्र आधीच होतं. सगळे पाणघोडे एकाच दिशेला उभे. मधोमध दुमडलं की अर्धे उलटेच होणार."

लाख पंचे रंगवलेला माणूसच ही चूक करू शकतो. माझ्याकडे शिवण शिकायला येणारी नवशिकी पोरसुद्धा करणार नाही.

"उपाय आहे," मी घाईने म्हणाले. "तळाशी कापायचं, मागचा भाग फिरवून पुन्हा जोडायचा." मी टाचणीने खूण केली आणि थबकले. तळाची घडी नेमकी एका ओळीच्या पोटऱ्यांवर येत होती. शिवणीत पाय जाणार होते.

नोनोकाने टाचणीकडे बघितलं. "मग ह्यांचे पाय?"

"आत जातील," क्योहेई म्हणाला. "शिवणीच्या आत."

"पाय नसलेला पाणघोडा बूट कसे घालेल?"

मी कोल्ह्यांचं कापड काढून दाखवलं. तिने ते अदबीने बघितलं, आणि संत्रं सोलत सांगितलं, "आईने पाणघोडा म्हटलं होतं. मी घरी राहीन. मला चालेल."

तिला चालणार नव्हतं. सोललेल्या संत्र्याची एकही फोड तिने तोंडात घातली नाही. चार वर्षांच्या मुलीला आईशिवाय पहिल्यांदा एका नव्या दारातून आत जायचं होतं. हातात धरायला आईच्या शब्दाची एवढी एकच गोष्ट होती.

क्योहेईने पिशवी उचलली. "दुकानातला विकतचा पंचा नको. पुन्हा रंगवतो," तो म्हणाला.

"आता? उन्हाळ्याच्या जत्रांची कामं असतील ना?"

"आहेत. उस्तादांच्या पाया पडतो. बालवाडी उघडायला अजून दिवस आहेत."

दारात तो थांबला. "तुमचे सगळे मंगळवार फुकट घालवले मी."

"शिवण सरळ आलीय," मी म्हणाले. "फुकट काही गेलं नाही."

---

पुढचा मंगळवार आला आणि तो आला नाही.

तामाओकाकू माझ्या दारात येऊन बसली. "दुपारभराचं काम आहे तुझ्या हाताला. दुकानातून पंचा आण, पिशवी शिव, नेऊन दे. पोर शाळेत जाईल, तो उपकार मानेल. गोडीत काम होईल."

"त्याने नाही म्हटलंय."

"पुरुष नाहीच म्हणतात."

"काकू, त्याने शब्द देऊन जीभ अडकवलीय त्या पोरीपाशी. ती मी कशी सोडवू? मी शिवली तर ती नुसती चांगली पिशवी होईल."

"मग बस खिडकीत."

मी खिडकीत बसले नाही. खोलीला कुलूप लावलं, सायकल काढली आणि वाऱ्याच्या तोंडावर नदीकडे निघाले. एन्शूचा वारा सायकलला मागे ढकलत होता. ढकलू दे. जाताना मनाशी एवढंच ठरवलं होतं, टाका मी घालणार नाही. पण तो एकटाच लढतोय असं त्याला वाटू देणार नाही.

रंगशाळेच्या अंगणात उंच लाकडी मनोरा आहे. त्यावरून रंगवलेली ठाणं खाली सोडलेली होती, लांबच लांब, न कापलेली. शिरीष-गुलाबी, गवती, जांभळी... आणि सगळ्यांच्या कडेला पाणघोडे. क्योहेई खाली उभा, कोपरापर्यंत निळा, डोळ्यांखाली काळं. मला बघून तो एक पाऊल पुढे आला.

"तुम्ही... कशा आलात?"

"सायकलने."

"उस्तादांनी टेबल दिलं. सगळ्यांचं काम उरकल्यावर. आज वाळलं." त्याने खालचं टोक हातात घेतलं. "पंचे कापून घेतो, मग ओळींच्या मधली जागा मोजून..."

तो बोलत होता आणि मी वर बघत होते. वारा क्षणभर पडला. ठाण सरळ लोंबलं. आणि मला दिसलं.

पाणघोड्यांची एक झुंड सरळ उभी होती. तिच्या पायांखाली दुसरी झुंड, उलटी, पायाला पाय लावून. मध्ये एक बारीक निळी रेघ. पुन्हा खाली डोक्याला डोकं. पुन्हा पायाला पाय. तळ्याच्या काठावर पाणघोडे उभे असावेत आणि पाण्यात त्यांचं प्रतिबिंब पडावं, तसं.

त्याने कात्री उचलली. निळ्या रेघेवर ठेवली.

"कापू नका," मी म्हणाले.

"पंचा इथेच संपतो. आम्ही इथेच कापतो, नेहमी."

"म्हणूनच. क्योहेई-सान, वर बघा. पायाला पाय आहेत. ही रेघ पिशवीच्या तळाला आली तर?"

तो बघत राहिला. मग त्याने कात्री खाली ठेवली आणि रेघेवर कापड दुमडून दोन्ही हातांत धरलं. ह्या बाजूला पाणघोडे सरळ. मागे फिरवलं, तिथेही सरळ. तळाशी पाय भक्कम टेकलेले. एकही शिवण नाही.

"पंख्यासारख्या घड्या घालून रंगवतो ना आम्ही," तो हळू म्हणाला. "दर घडीला चित्र उलटतं. आयुष्यभर ह्याच रेघेवर कापत आलो. ती मी कधी बघितलीच नाही."

"मीही नसती बघितली. माझ्याकडे कापड कापूनच येतं."

आतून उस्तादांचा आवाज आला, "कापतोयस का गप्पा मारतोयस?"

"कापत नाहीये," क्योहेईने ओरडून सांगितलं. बोलताना तो माझ्याकडेच बघत होता.

---

पिशवी त्याने माझ्या टेबलावर शिवली. मी समोर बसून चिमणीची पाकिटं शिवत राहिले आणि एकाही टाक्याला हात लावला नाही. जीव तुटत होता, तरी नाही. अस्तर तेच, निळ्या अंगठ्याचं. शेवटची गाठ मारून त्याने दोरा तोडला, अंगुस्तान काढलं, आणि बोटाकडे असा बघत राहिला जणू ते दुसऱ्याचं होतं.

बालवाडीच्या पहिल्या दिवशी सकाळी दोघं माझ्या दारावरून गेले. नोनोकाच्या हातात पिशवी झुलत होती. ती थांबली आणि मला नीट समजावून सांगितलं, "हे तळं आहे. हा इथून दिसतो आणि तोच तिकडून दिसतो. आईला इस्पितळात दाखवलं. आई रडली, पण चांगलं रडली."

"आणि बूट?"

"आत आहेत." तिने पिशवी छातीशी धरली. "आतमध्ये मामाचा अंगठापण आहे."

मग मामाचा हात सोडून ती पुढे चालायला लागली. बालवाडीच्या दारापर्यंत मागे वळून बघितलं नाही.

दुपारी क्योहेई परत आला, एकटा.

"आज मंगळवार नाही," मी म्हणाले.

"माहीत आहे."

त्याने काखेतली पुडी सोडली. दोन पंच्यांचं सलग कापड. मध्ये निळी रेघ.

"बाकी सगळं कापलं. हे नाही कापलं."

"ह्याचं काय शिवू?"

"काही नका शिवू." तो कापडाकडे बघत बोलत होता. "रंगशाळेत लांब कापडाची घडी एकट्याला घालता येत नाही. एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने. मग... चालत जवळ यायचं."

त्याने एक टोक पुढे केलं. मी धरलं. तो मागे मागे दारापर्यंत गेला. आमच्यामध्ये पाणघोडे ताणून उभे राहिले. त्याच्याकडचे उलटे, माझ्याकडचे सुलटे. त्याच्या जागेवरून नेमके उलट दिसत असणार.

आणि आम्ही चालायला लागलो. टेबल ओलांडलं, मशीन ओलांडलं. रेघ खाली गेली, पाणघोड्यावर पाणघोडा बसला, टोकाला टोक आलं. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. आता त्याने टोक माझ्या हातात देऊन हात काढायचा, अशी रीत आहे. त्याने हात काढला नाही.

"ओरिए-सान," तो म्हणाला. "पिशवी झाली. तरी मी येत राहणार आहे. तुम्ही नको म्हणालात तर..."

"तर?"

"तर पुन्हा विचारीन. उसवायची सवय झालीय मला."

मला हसू आलं, आणि डोळ्यांतही काहीतरी आलं. "नको म्हणण्यासाठी तुम्हाला शिकवलं का मी इतके दिवस? मला तुम्ही हवे आहात, क्योहेई-सान. सुया मोडल्या तरी चालतील."

खिडकीबाहेर संत्र्यांच्या पेट्या केव्हाच रचून झाल्या होत्या, तरी गाणं काही थांबत नव्हतं. सुई पुढे, दोरा मागे...

"पुढच्या वर्षी देवळात एकत्र जाऊ," तो म्हणाला.

"जाऊ. पण सांगून ठेवते," मी कापडासकट त्याचा हात घट्ट धरला, "त्यांना तोफूची वडी मोठी मागवायला लागेल."